मोठ्या काकांचा फोटो कुठे लावायचा

बोरीत माझ्याकडे लोक मिक्सर घेऊन येतात. कधी इस्त्री आणतात. एकदा एक जण चांगला चालू असलेला मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "आप्पा, ह्याच्यात आवाज लय हाय, थोडा काढून घ्या." मी काढून घेतला. मी वेबसाईट बनवतो हे गावाला समजावणं मी सोडून दिलंय, कारण आमच्या वडिलांनी, म्हणजे बसवंतरावांनी, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून टाकलंय की पोरगं कॉम्प्युटरचं सगळं करतंय. 'सगळं' म्हटलं की त्यात मिक्सर येतो.

आप्पा म्हणजे मीच. नाव शंभुराज. आमच्या भागात लिंगायत दुकानदाराच्या घरात जन्मलेलं पोर पाळण्यातच आप्पा होतं. याचा धंद्यात फायदा होतो. आप्पाशी लोक भांडतात, पण अहो-जाहो करून.

माझं काम चांगलं आहे. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रपणे बोललेलं फोनवर ऐकू जात नाही. दुकानाच्या माडीवर, तुरीच्या पोत्यांना टेकून माझं ऑफिस आहे आणि जिल्हाभर माझे क्लायंट आहेत. जिंतूरच्या बबिताताईंचं पार्लर आहे. साईटवर किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा त्यांना हवा होता, पण तो शून्यापासून सुरू करायला सक्त विरोध. "पहिल्या बाईला वाटंल आपुनच पहिल्या. कोन बसंल मंग खुर्चीत?" राणीसावरगावचे योगीराज तळहातावर नारळ ठेवून बोअरला पाणी कुठे लागेल ते सांगतात. त्यांना अशी साईट हवी होती, जी शेजारच्या गावातल्या दुसऱ्या पाणाड्याच्या मोबाईलवर उघडणार नाही. मी म्हणालो, असं होत नसतं. ते म्हणाले, "मला बी लोक म्हनतेत, हितं पानी लागत नसतं." एका वास्तुतज्ज्ञांनी विचारलं, साईटचं तोंड कुठल्या दिशेला? मी म्हणालो, वाचणाऱ्याकडे. मग मेनू ईशान्येला, म्हणजे वर उजव्या कोपऱ्यात घ्यायचं ठरलं. तो तिथेच होता. मी सरकवल्यासारखं केलं.

सांगायचा मुद्दा असा की आजवर कुठल्या क्लायंटने मला अडवलं नाही. म्हणून देवगाव फाट्याजवळच्या प्रियांकाचं काम घेतलं तेव्हा मी तिला म्हणालो, "ताई, हे तर जेवण झाल्यावर करायचं काम आहे."

प्रियांका परभणीहून शेतीची पदवी घेऊन घरी आली होती. वडील किशनराव यांचं म्हणणं, पुण्याला जाऊन बँकेच्या परीक्षेचा क्लास लावावा. तिचं म्हणणं, शेतात हुरडा लावावा. बरीच बोलाचाली होऊन तह झाला. चिंचेच्या पट्टीत तिने हुरड्याची ज्वारी पेरायची, शहरातली माणसं शेतात बोलवायची, आगटीवर कणसं भाजून खाऊ घालायची. यंदाच्या हंगामात माणसं आली, तर शेत तिच्या हाती. नाही आली, तर पुण्याची गाडी. आणि हुरडा काही थांबणारी गोष्ट नाही. कणीस दुधात येतं, थोडे दिवस कोवळं राहतं, आणि मग कुणाचीही वाट न बघता नुसती ज्वारी होऊन बसतं.

पहिलं बुकिंगही तिने फोनाफोनी करून मिळवलं होतं. परभणीच्या राजेश्री मॅडम, शाळेत शिक्षिका, आपल्या सगळ्या स्टाफला घेऊन रविवारी येणार होत्या. त्यांच्यामागे दुसरे येणार होते, पण त्या दुसऱ्यांचं म्हणणं, आधी साईट पाठवा, बघू तरी कसं आहे.

इथे थोडा भूगोल सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास कळेल. फाट्याकडून कच्च्या रस्त्याने आत वळलं की पहिलं शेत थोरले भाऊ महारुद्र यांचं. गाडीवाट त्यांच्याच शेतातून जाते. पुढे मधले भाऊ मुंजाजी. त्यांच्या शेतात विहीर, पिण्याचं पाणी तिथलं. आणि शेवटी धाकटे किशनराव, म्हणजे प्रियांका, म्हणजे हुरडा. थोडक्यात वाट एकाची, पाणी दुसऱ्याचं आणि आगटी तिसऱ्याची.

म्हणून किशनराव म्हणाले, "साईटवर आमा तिघांचे फोटो पायजेत. न्हाई तर उगं नाराजी."

मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे कुणी ट्रॅक्टर घेतला तरी बॅनर लागतो आणि त्या बॅनरवर माणसांच्या गर्दीत ट्रॅक्टर शोधावा लागतो. फोटो नसलेला बॅनर लोकांना निनावी तक्रारीसारखा वाटतो. मी तीन फोटो एका ओळीत लावले. डावीकडे मुंजाजी, उजवीकडे किशनराव आणि मध्ये, पांढरा फेटा घालून, महारुद्रकाका. थोरला मध्ये बसतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्नाच्या फोटोपासून ग्रामपंचायतीच्या बाकापर्यंत सगळीकडे हेच चालतं.

सोमवारी किशनरावांच्या ओसरीत साईटचं उद्घाटन झालं. लॅपटॉपला हळदीकुंकू महारुद्रकाकांच्या घरच्या सुमनबाईंनी लावलं. नारळ कशावर फोडायचा यावर चर्चा झाली. लॅपटॉपवर फोडू नये, एवढं मी मान्य करून घेतलं. शेजारच्या दगडावर फोडला, पाणी मात्र मानाने लॅपटॉपवर शिंपडलं. महारुद्रकाकांनी स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला. मग लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून दाराबाहेरच्या लोकांकडे वळवला.

"दिसायलं का रे?"

"दिसायलाव, दादा. मधी तुमीच हाव."

"मंग झालं," काका म्हणाले आणि मला लॅपटॉप परत दिला. साईटवर हुरडा आहे, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी प्रियांकाने भावकीच्या ग्रुपवर लिंक टाकली. सकाळी तिचा फोन आला.

"सर, वाटेवर बोराटी पडलीय."

बोराटी म्हणजे बोरीच्या झाडाची काटेरी फांदी. ती वाऱ्याने पडत नसते. वाट अडवायची असली की पाडतात.

मी गाडी काढली. पोचलो तेव्हा महारुद्रकाका वाटेच्या तोंडाशी, लिंबाखाली बाजेवर बसले होते. समोर गाडीवाटेवर आडवी बोराटी. तिच्या फटींत आणखी दोन लहान फांद्या खोचलेल्या. कामात हयगय नव्हती.

"राम राम, काका."

"या आप्पा, बसा. उन्हाचं आलाव. सुमन, च्या टाक गं आप्पाला." आमच्याकडे रुसलेला माणूससुद्धा चहा पाजतो, फक्त बशी देत नाही.

"ही बोराटी कशाला, काका?"

"जनावरं शिरायलीत."

"कुठली?"

"परभनीची."

मी चहा घेतला. काकांनी मोबाईल काढला, साईट उघडली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"लॅपटॉपवर मी कुठं व्हतो?"

"मध्ये."

"आन् आता?"

मी पाहिलं. मोबाईल अरुंद असतो, त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवलेली चित्रं त्यावर आपोआप एकाखाली एक येतात. डावीकडचं सगळ्यात वर, मग मधलं, मग उजवीकडचं. जगभर असंच होतं. मी ते सोमवारीच तपासलं होतं, हे नोंदवून ठेवतो. फोटो सुंदर बसले होते. फक्त मी ते डिझायनर म्हणून तपासलं होतं. भावकीत जन्म झाल्यासारखं तपासलं नव्हतं.

"आताही मध्येच आहात, काका. वर मुंजाजीकाका, खाली किशनकाका."

"आप्पा," काका शांतपणे म्हणाले, "बाजूबाजूला बसल्यावर मधला थोरला. बराबर. पर एकावर एक रचल्यावर मधला कोन? तुमच्या मायला फोन लावा. इचारा, उतरंडीतल्या मधल्या गाडग्यात काय असतंय."

मी फोन लावला. आमची आई, चन्नबसम्मा, प्रश्नामागचं कारण न विचारता उत्तर देणाऱ्यांपैकी आहे.

"हरबऱ्याची डाळ," ती म्हणाली. "वरच्यात लागायचं जिन्नस, खालच्यात बी-बियानं. मधल्यात डाळ. तू जेवलास का?"

"बगा," महारुद्रकाका म्हणाले. "डाळ."

मी त्यांना मोबाईल आडवा धरून बघायला सांगितलं. त्यांनी आडवा धरला. फोटो मोठा झाला, क्रम तोच राहिला.

"आता मोठी डाळ," काका म्हणाले.

मी बाजेवरच लॅपटॉप उघडला. लॅपटॉपवर काका मध्ये आणि मोबाईलवर सगळ्यात वर, अशी सोय करून दिली. याला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. काकांनी बघितलं, सुमनबाईंना दाखवलं, मग उठले आणि बोराटी उचलली. झोपलेलं लेकरू उचलावं तशी उचलली. लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली, हाताच्या अंतरावर.

मी बोरीला पोचलो नाही तोच प्रियांकाचा फोन.

"सर, विहिरीची मोटार बंद पडलीय."

"वायरमनला बोलवा."

"वायरमन नाही चालणार. मुंजाजीकाकांच्या खिशात फ्यूज दिसायलाय."

परत गेलो. मुंजाजीकाका विहिरीच्या कठड्यावर बसले होते. हा माणूस भांडत नाही. भांडणारा बरा, तो थकतो तरी.

"मी काय म्हनत न्हाई, आप्पा," ते म्हणाले. "फकस्त मोटार बिघडली."

"काका, तुमच्या खिशात काय आहे?"

"चुना." त्यांनी खिशावर हात ठेवला. मग थोडं थांबून म्हणाले, "काल मी वर व्हतो. आज दुसरा. रातीतून मी काय केलं, एवढंच सांगा. आमच्या जावयानं फोटो काढून स्टेटस ठिवलं, 'आमचे मामा, सगळ्यात वर'. सेलूत समद्यांनी बगितलं. आता कुन्या तोंडानं जाऊ मी लेकीकडं?"

पहिल्यापासून दुसरा असता तर गोष्ट वेगळी होती. पण एका रात्रीत वरून खाली आणलेला माणूस गावात काय सांगणार, अपडेट होतं म्हणून?

प्रियांका बांधावर उभी होती. मागे तिची ज्वारी, कणसं भरलेली, वाऱ्यात एकमेकांवर रेलणारी. तिने एक कणीस तोडलं, तळहातावर चोळलं आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

"चावून बघा."

गोड होते, मऊ, हिरवे.

"पंधरा दिवसांनी हेच दाणे दातात कडकड वाजतील," ती म्हणाली. "तुमी फोटो बदलत बसा. मी पुण्याची बॅग भरते."

"ताई, आजवर माझं एक काम अडलेलं नाही."

"माझं आजच अडलंय सर, दोन ठिकाणी."

तिथेच, मुंजाजीकाकांच्या कठड्यावर मला ती कल्पना सुचली. महारुद्रकाकांना एक लिंक. मुंजाजीकाकांना दुसरी लिंक. जो आपली लिंक उघडेल, तो स्वतःला सगळ्यात वर बघेल. बाकीच्या जगाला महारुद्रकाका वर. मी आजवर लिहिलेला हा सर्वांत खोटारडा कोड, आणि तो पहिल्या फटक्यात चालला. खरे कोड कधी चालत नाहीत असे.

मुंजाजीकाकांना लिंक पाठवली. त्यांनी बघितली, चष्मा पुसून परत बघितली. खिशातून फ्यूज काढला.

"चुन्यात कसा काय आला की," ते म्हणाले आणि मोटार सुरू झाली.

प्रियांका म्हणाली, "सर, हे तिघं कधी एकत्र बसले तर?"

"बसतात?"

"एरवी नाही. शनिवारी फाट्यावर चहाला जातात."

"मग मोबाईल थोडेच एकमेकांना दाखवतील?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बबिताताईंकडे बघतो.

शनिवारी दुपारी ते घडलं. मी नव्हतो, पण फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने नंतर तीनदा सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. मुंजाजीकाका हॉटेलवाल्याला म्हणाले, बग, सगळ्यात वर मी. महारुद्रकाका म्हणाले, चष्मा लाव, वर मी हाय. हॉटेलवाल्याने दोन्ही मोबाईल घेतले, भज्यांच्या परातीशेजारी ठेवले आणि म्हणाला, दोगं बी खरं बोलायलाव. एवढ्यात किशनरावांनी, ज्यांनी आजवर एका शब्दाने तक्रार केली नव्हती, स्वतःचाही मोबाईल काढून तिसरा ठेवला. तिन्ही पडदे शेजारी-शेजारी. पहिल्यात वर महारुद्र. दुसऱ्यात वर मुंजाजी. तिसऱ्यात परत महारुद्र.

आणि तिन्हींत सगळ्यात खाली किशनराव.

"म्हंजी मला कुनी लिंक बी दिली न्हाई," किशनराव म्हणाले.

हे कळवायला प्रियांकाने फोन केला तेव्हा तिचा आवाज आधीसारखा नव्हता. "सर, बोराटी पडली. फ्यूज काढला. आणि पप्पा विळा घेऊन निघालेत. म्हणायलेत, पट्टी कडब्याला कापतो, कशाला पायजे तमाशा. उद्या मॅडम यायच्यात."

मी गाडी कशी चालवली ते सांगत नाही. आमच्या घरी कुणी वाचेल.

पोचलो तर लिंबाखाली तिघे भाऊ एका बाजेवर बसलेले. गेल्या कित्येक वर्षांत हे तिघे एका बाजेवर बसले नव्हते, असं सुमनबाई मागाहून म्हणाल्या. त्यांच्यात एकी घडवून आणणारा मी पहिलाच. एकी माझ्याविरुद्ध होती, ही गोष्ट वेगळी.

"आले बगा," महारुद्रकाका म्हणाले. "दोन तोंडाचे आप्पा."

"तीन," किशनराव म्हणाले. विळा मांडीवर होता.

"मी काय म्हनत न्हाई," मुंजाजीकाका म्हणाले.

"काका, चूक माझी. फोटोच काढून टाकतो, सगळ्यांचे," मी म्हणालो.

तिघांनी एकाच वेळी मान वर केली. महारुद्रकाकांचा आवाज एकदम खाली आला. "काढून टाकता? लोकांनी बगितल्यावर? म्हंजी आमी काय मेलो?"

मला ओळखतात त्यांना विचारा, माझे उपाय असे क्वचित संपतात. फोटो ठेवले तर भांडण, काढले तर तेरावा. किशनराव उठले आणि पट्टीकडे चालायला लागले. प्रियांका त्यांच्या आडवी उभी राहिली, बोराटीच्या पलीकडे.

"पप्पा, उद्याचा एक दिवस."

"कुन्या रस्त्यानं आननार हायस त्यान्ला? उडत?"

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. राजेश्री मॅडम. प्रियांकाने क्षणभर पडद्याकडे पाहिलं, वडिलांच्या हातातल्या विळ्याकडे पाहिलं आणि फोन घेतला. हाताला चिखल होता म्हणून स्पीकरवर ठेवला.

"हॅलो प्रियांका, उद्या सकाळी निघतोय गं आम्ही. गाडीवाला विचारतोय, फाट्यावरून नेमकं कसं यायचं? तुमच्या साईटवर नुसते फोटोच आहेत, रस्ता काही दिसेना."

प्रियांकाने खाली बघितलं. पायाशी बोराटी होती.

"सोपं आहे मॅडम," ती म्हणाली. "फाट्यावरून आत वळा. थोडं पुढं आलं की एक मोठा लिंब लागेल. लिंबाखाली आमचे मोठे काका बसलेले असतील, पांढरा फेटा. ते दिसले की समजा बरोबर आलात. ते नाही दिसले तर चुकलात, गाडी मागं घ्या. काकांच्या शेतातून सरळ आलात की विहीर लागेल. तिथं मुंजाजीकाका असतात, त्यांच्या हातचं पाणी घ्या, असलं पाणी परभणीत नाही. मग पुढं धूर दिसेल. धुराखाली माझे पप्पा. तिथं आलात की पोचलात."

"आणि समजा तुमचे मोठे काका तेव्हा बसलेले नसले तर?"

प्रियांकाने महारुद्रकाकांकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

"काका असतातच, मॅडम," ती म्हणाली. "लहानपणी शाळेतून उशीर झाला तरी काका तिथं असायचेच."

फोन बंद झाला. लिंबावरून एक होला उडाला आणि तोही शेजारच्याच झाडावर जाऊन बसला, काय होतंय बघायला.

महारुद्रकाका खाकरले.

"कवा येनारेत म्हनल्या?"

"सकाळी."

"सकाळी म्हंजी? मानसानं येऊन बसायचं कवा? नेमकं इचारून घ्यावं न्हाई का."

मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिथेच मातीत मांडी घालून बसलो आणि लॅपटॉप उघडला. जुनं पान पार पुसलं. शेजारी-शेजारीचा प्रकारच ठेवला नाही, मोबाईलवर नाही, लॅपटॉपवरही नाही. वरपासून खालपर्यंत एकच वाट काढली, मातीच्या रंगाची, वळणं आहेत तिथे वळणं देऊन. अगदी वर फाटा. मग लिंब आणि लिंबाखाली महारुद्रकाका: 'हे दिसले की बरोबर आलात.' त्याखाली विहीर आणि मुंजाजीकाका: 'पाणी इथलं.' आणि सगळ्यात खाली धूर, आगटी, कणसं आणि किशनराव: 'पोचलात.' प्रियांका शेजारी बसून सांगत होती, "बाभळ राहिली. त्या बाभळीपाशी डावीकडं वळण आहे." मी बाभळ लावली.

तिघांनी तीन मोबाईल काढले. एकमेकांचे अदलून-बदलून बघितले. माझा लॅपटॉप बघितला. सुमनबाईंचा मोबाईल मागवून तोही बघितला. माझ्यावरचा विश्वास उडाला होता, आणि तो उडायलाच हवा होता.

"मी वर," महारुद्रकाका म्हणाले.

"तुमचं शेत आधी लागतं, काका."

"मी परत मधी," मुंजाजीकाका म्हणाले.

"विहीर मध्ये आहे, काका. सरकवता येत असेल तर सांगा, फोटो लगेच सरकवतो."

मुंजाजीकाकांनी विहिरीकडे बघितलं. खरंच एकदा अंदाज घेतला. मग खिशात हात घातला. "मोटार बगून येतो," म्हणाले आणि गेले.

किशनराव अजून पडद्याकडे बघत होते. अंगठ्याने वाट खाली सरकवत, परत वर नेत. "मी मातर खालीच."

"पप्पा," प्रियांका म्हणाली, "वरून निघालेले सगळे तुमच्याकडंच तर यायलेत."

त्यांनी अंगठा परत वरून खाली फिरवला. लिंब, विहीर, बाभळ, धूर. विळा उचलला. मला वाटलं संपलं. पण ते बांधाकडे गेले आणि आगटीच्या जागेवरचं गवत कापायला लागले.

रविवारी मी सकाळीच जाऊन थांबलो. महारुद्रकाका माझ्याही आधी लिंबाखाली होते, बोराटी परत बुंध्याला टेकवलेली. तोच फेटा, तोच सदरा, मान थोडी डावीकडे, फोटोत होती तशी. "मला हालवू नको," ते सुमनबाईंना म्हणत होते, ज्या फक्त चहा द्यायला आल्या होत्या. "वळकू आलं पायजे."

राजेश्री मॅडमची गाडी वळली. काकांनी हात आडवा केला.

"साईट दाखवा."

मॅडमनी मोबाईल दाखवला. काकांनी फोटोकडे बघितलं, मॅडमनी काकांकडे बघितलं, जुळलं. "बराबर आलाव. जावा." मागच्या गाडीतल्या सरांच्या मोबाईलला रेंज नव्हती. त्यांना रेंज येईपर्यंत थांबवलं. शेजारच्या शेतात खताची गोणी घेऊन चाललेला एक ओळखीचा गडी, जो या वाटेने रोज जातो, त्यालाही साईट उघडायला लावली.

विहिरीवर मुंजाजीकाका तांब्या घेऊन उभे होते आणि पाणी न पिता पुढे गेलेल्या एका ड्रिल-मास्तरांना त्यांनी परत बोलावलं. आगटीपाशी किशनराव कणसं भाजत होते, प्रियांका चोळून दाणे पत्रावळीवर टाकत होती, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मॅडमनी दुसरी पत्रावळ मागितली तेव्हा किशनराव लेकीकडे न बघता म्हणाले, "पुढच्या साली ही पट्टी कमी पडंल. वरची बी घ्यावी लागंल." ती "बघू" म्हणाली आणि आणखी चार कणसं आगटीत सरकवली. पुण्याचा विषय कुणी काढला नाही. दुपारपर्यंत मॅडमच्या स्टाफने फोटो टाकले आणि संध्याकाळपासून प्रियांकाचा मोबाईल चार्जिंगवरून काढायची सोय राहिली नाही. हुरडा कोवळा असेपर्यंतचे सगळे दिवस भरले.

माझंही नाव झालं. राणीसावरगावहून योगीराजांचा फोन आला. "आप्पा, आमच्यात पाच भाऊ हाईत अन् वाट एकच. आमची साईट बदलून द्या." मी म्हणालो, आधी शेत दाखवा. आता मी लॅपटॉप उघडण्याआधी क्लायंटचा बांध फिरून बघतो. वास्तुतज्ज्ञांना हे फार आवडलं आहे.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सोमवारी महारुद्रकाकांचा फोन आला.

"आप्पा, मंगळवारी मी सेलूला जायलो. लग्न हाय. माझा फोटो काढून घ्या."

"का, काका? परत काही झालं?"

"काय झालं न्हाई. पर मी लिंबाखाली नसनार. पोरीनं सांगितलंय, काका दिसले न्हाईत तर चुकलाव. मंगळवारचं मानूस गाडी मागं फिरवील. मंग काय करायचं?"

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्यासाठी एक बटण बनवलं. त्यांच्या मोबाईलवर दोनच पर्याय: 'काका आहेत', 'काका गावाला गेलेत'. दुसरं दाबलं की लिंबाखालचा त्यांचा फोटो निघून जातो आणि त्या जागी दुसरी खूण येते. खूण कसली ठेवायची, विचारल्यावर काका म्हणाले, बोराटी हायच की, बुंध्याला टेकून. तिचा फोटो मीच काढून पाठवतो. फोटो चांगला आला होता. 'ही दिसली की बरोबर आलात' असं मी खाली लिहिलं. मंगळवारी काकांनी निघताना बटण दाबलं आणि सगळे पाहुणे व्यवस्थित पोचले.

दुपारी मुंजाजीकाकांचा फोन आला.

"आप्पा, मी काय म्हनत न्हाई," ते म्हणाले. मागे मोटारीचा आवाज येत नव्हता. "दादा वर हाईत ते ठीक हाय. दादा थोरले. पर आता बोराटी बी माज्या वर?"

मी गाडीची किल्ली शोधली.